बारा ससे आणि माझी कुजबुज

२३ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. पुढेमागे मोठा माणूस झालो तर लोकांना उपयोगी पडेल. नाही झालो तर आईला बंब पेटवायला.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं चार आठवडे कुठंतरी जाऊन काम शिकायचं असतं. बाकीच्या पोरांनी दवाखाने आणि दूधडेऱ्या धरल्या. मी धाराशिव रस्त्यावरचं हे प्रयोगशाळेच्या प्राण्यांचं केंद्र धरलं. एक तर ते आमच्या ढोकीहून गाडीवर जाण्यासारखं आहे, आणि दुसरं म्हणजे 'तुलनात्मक वैद्यक' हे नाव मला भारदस्त वाटलं. एका प्राण्यावरून दुसऱ्याचं दुखणं ओळखायचं, असा त्याचा अर्थ. अण्णांना तो पटला नाही. "म्हशीचा डॉक्टर व्हायचं सोडून सशाचा? ढोकीत ससा पाळतंय कोण?" असं ते गिरणीतून म्हणाले, आणि दळणाला आलेल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. सकाळी मी गाडी काढेपर्यंत चौकात तीन जणांनी विचारलं, "काय डॉक्टर, ससे किती आले आज?"

आमची पिठाची गिरणी आहे. एक जातं धान्याचं, एक मिरचीचं. घर गिरणीला लागूनच, त्यामुळे आमच्याकडे सगळे जरा मोकळ्या आवाजात बोलतात. माझ्या आवाजाला तर गावात मान आहे. जत्रेत लाऊडस्पीकर बिघडला की मलाच बोलावतात.

केंद्रात आत जाताना अंघोळ करायची, त्यांचे कपडे घालायचे, टोपी, तोंडाला पट्टी. केंद्राच्या प्रमुख डॉ. शारदा मॅडम. तुळजापूरच्या पुजारी घराण्यातल्या, शिस्तीच्या. पण बोलतात इतकं हळू की दोनदा मला कान पुढे करावा लागला. घसा बसला असावा. मी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. त्या जरा दचकल्या. आपुलकीची सवय नसेल.

सशांच्या खोलीच्या दारावर पाटी आहे, 'शांतता राखा. हळू बोला.' हा नियम मला सोपाच गेला. आत गेल्यापासून मी कुजबुजतच होतो. "नमस्कार मंडळी, मी रणधीर," एवढंच म्हणालो, तर साऱ्या सशांनी मागचा पाय आपटला. पुस्तकात हे घाबरल्याचं लक्षण म्हणून दिलेलं आहे, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या भागातले ससे कुठं पाहिलेत! मला तर ते स्वागत वाटलं.

प्राण्यांची देखभाल करणारे शंभुलिंगकाका सकाळी चांगले होते. दुपारपासून कानात कापूस घालून बसले. थंडी सोसत नाही बिचाऱ्यांना.

२६ डिसेंबर, गुरुवार

इथलं काम नीट समजलं. इंजेक्शनच्या आणि सलाईनच्या बाटल्या बाजारात जाण्याआधी, त्यांत माणसाला ताप आणणारं काही राहिलं नाही ना, हे तपासावं लागतं. त्यासाठी त्यातलं थोडं सशाच्या कानाच्या शिरेतून देतात. सशाला ताप चढला तर माल बाद. पण मुळात ससाच घाबरून तापला तर कळणार काय? म्हणून आधी सशांना शिकवावं लागतं. लाकडी पेटीत मान बाहेर काढून निवांत बसायचं, तापमानाची तार मागे लावून घ्यायची, आणि तरी अंगाची उष्णता जागच्या जागी ठेवायची. अंगात शांतपणा असल्याशिवाय हे जमत नाही. त्याची तालीम होते, नुसतं निर्मळ पाणी टोचून.

माझ्याकडे बारा ससे सोपवले आहेत. सगळे पांढरे, लाल डोळ्यांचे, कानात नंबर. नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे. मी ठेवली नाहीत, ती आपोआप पडली. एक सगळ्यांच्या आधी खातो तो सरपंच. एक कधीच जागेवर नसतो तो ग्रामसेवक. एकाचा कान दुमडलेला आहे आणि तो दुसऱ्यांकडे डोळे वटारून बघतो, तो मुकादम. मुकादम माझा लाडका वगैरे काही नाही. डॉक्टरनं प्राण्यात जीव अडकवायचा नसतो.

दुसऱ्या बारा सशांची जबाबदारी महेश्वरीकडे आहे. ती मुरूम गावची, शिकायला कर्नाटकात. तिचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं आहे, म्हणून ती इथली जुनी. आज मला म्हणाली, "तुम्ही थोडं सावकाश बोलता का?" मुलीला आपलं बोलणं नीट समजावं वाटतं याचा आनंद झाला. मी नंतर दिवसभर एकेक शब्द सुटा करून बोललो. संध्याकाळी तिनं मला खडीसाखर दिली आणि म्हणाली, "घशाला विश्रांती द्या." फार काळजीवाहू मुलगी आहे.

२८ डिसेंबर, शनिवार

पहिली तालीम. बाराच्या बारा ससे नापास.

मी पूर्ण वेळ त्यांच्यासोबत उभा होतो. धीर देत होतो. "शाब्बास सरपंच! मुकादम, घाबरायचं नाही!" असं त्यांच्या कानाशी म्हणत होतो. तरी पडद्यावरच्या तापमानाच्या रेघा गच्चीला जिना लावावा तशा वर वर गेल्या. पलीकडच्या खोलीत महेश्वरीच्या सशांच्या रेघा सरळ. मला काही कळेना.

मॅडम म्हणाल्या, दुसरी तालीम १७ जानेवारीला. त्यात जे नापास होतील ते काढावे लागतात.

बाहेर आल्यावर शंभुकाकांना विचारलं, "काढतात म्हणजे कुठं सोडतात?"

त्यांनी कापूस काढून मला परत विचारायला लावलं, मग म्हणाले, "सोडत न्हाईत डाक्टर. पिंजऱ्यात वाढलेलं जनावर बाहेर दोन दिस बी टिकत न्हाय. इंजेक्शन देत्यात. दुखत न्हाय त्यानला."

"आणि पास झालेले?"

"त्येंचं बरं असतंय. काम लई थोडं, मधी मधी आराम. खाऊन पिऊन ऱ्हातेत."

घरी येऊन जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर सांगता येईना. मुकादम माझ्या हातातून कोथिंबीर घेताना डोळे मिटतो. तो मरायला नको आहे. कोणीच मरायला नको आहे. लिहून ठेवतो म्हणजे खोटं बोलता येणार नाही.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. केंद्राला सुट्टी. सगळे शेतात. खोपीत लक्ष्मीची पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील, खीर असं रेटून जेवण झालं. शेताभोवती आंबील शिंपडत ओरडायचा मान दरवर्षी माझा. "ओलगे ओलगे, सालम पलगे!" म्हणून पहिली हाळी दिली तर कडब्याच्या गंजीवरचे पारवे उडाले आणि तिकडे ओढ्यापलीकडच्या शिवारातून लोकांनी हात वर केले. आत्याचा फोन आला, ती तिच्या रानातून म्हणाली, "ऐकलं बरं का तुजं!" तिचं रान म्हणजे हमरस्त्याच्या पार.

जेवताना अण्णांना सशांचं सांगितलं. ते म्हणाले, "दिष्ट लागली आसंल. सात मिरच्या उतरव." मी म्हणालो, अण्णा, हे शास्त्र आहे. ते म्हणाले, "मग शास्त्राच्या मिरच्या उतरव." शेजारच्या खोपीतले लोक हसले. आमच्या घरातलं बोलणं शेजारच्या खोपीला कसं कळतं कोण जाणे.

२ जानेवारी, गुरुवार

शास्त्रीय पद्धतीनं शोध सुरू केला आहे. सशांना कशाचा तरी त्रास होतो आहे, आणि तो माझ्याच सशांना होतो आहे, महेश्वरीच्या नाही. म्हणजे कारण माझ्या खोलीत आहे.

पाणी तपासलं. ठीक. खाद्य तपासलं. तेच, तिकडेही तेच. ट्यूबलाइट बदलून घेतली. शंभुकाकांच्या अंगाला विडीचा वास येतो असं मॅडमना सांगितलं. काका विडी पीत नाहीत असं निघालं, मग दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. महेश्वरी कधी कधी माझ्या खोलीत येते तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात. मी स्पष्टच सांगितलं की इतका आवाज सशांना सोसत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग बांगड्या काढून खिशात ठेवल्या. समजूतदार आहे.

दुपारी सगळं लख्ख उमगलं! केंद्राच्या कुंपणापलीकडून उसाचे ट्रॅक्टर जातात. दोन ट्रॉल्या आणि पुढे भोंगा, भोंग्यावर गाणी. माझी खोली रस्त्याच्या बाजूला आहे, महेश्वरीची मागे. सापडला चोर.

४ जानेवारी, शनिवार

दुपारच्या सुट्टीत रस्त्यावर उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला हात करून सांगितलं की आत परीक्षेचे ससे आहेत, गाणं बंद करा. बहुतेकांनी ऐकलं. सोमेश नावाच्या एका ड्रायव्हरनं गाणं बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, "सायेब, गाणं बंद केल्यावर तुमचं बोलणं ऐकू येतंय, पर चालू व्हतं तवा बी येत व्हतं. मग बंद कशाला करायचं?" अशा लोकांना शास्त्र समजावणं कठीण. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "बंद करतो, पर तुमी आत जावा."

७ जानेवारी, मंगळवार

फरक पडला! आज बाराही ससे पेटीत बसवले, तार लावली, आणि रेघा पहिल्यासारख्या चढल्या नाहीत. थोड्या वर गेल्या आणि मग आडव्या झाल्या. पाय आपटणंही गेल्या तीन-चार दिवसांत कमी झालं आहे. मुकादम तर चक्क पेंगत होता. एका माणसानं रस्त्यावर उभं राहून काय होतं असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

पेटीत बसवल्यावर नुसतं उभं राहणं मला जमत नाही, म्हणून मी त्यांच्याशी बोलत असतो. आधी दिवसाचं काम समजावतो. ते संपलं की गिरणीच्या गमती सांगतो. अण्णा गिऱ्हाइकांशी कसे बोलतात ते करून दाखवतो. "कुणाचं दळण? ज्वारी का गहू? डबा फुडं घ्या! बारीक का भरडा? मथुराबाई, तुमची बाजरी कडू झालीया, किती दिस ठिवली व्हती?" महेश्वरी दारात उभी राहून हसत होती. इतकी हसली की तिला पट्टी खाली करावी लागली. मग म्हणाली, "तू रोज असाच बोलतोस घरी?" म्हटलं, घरी तर मोठ्यानं बोलावं लागतं. ती पुन्हा हसायला लागली. यात हसण्यासारखं काय होतं?

९ जानेवारी, गुरुवार

आजही रेघा जवळजवळ सरळ. मॅडमही बघून गेल्या आणि मान हलवून गेल्या. मी त्यांना सांगितलं की ट्रॅक्टरचा आवाज मोजायचं यंत्र आणा. आकडे हातात असले की ट्रॅक्टरवाल्यांना आणि साखर कारखान्याच्या कारभाऱ्यांना दाखवून हा त्रास कायमचा मिटवू. मॅडम म्हणाल्या, "खरंच आणू?" मी म्हणालो, आणाच. दूध का दूध, पाणी का पाणी. शंभुकाका जोरात खोकले.

१० जानेवारी, शुक्रवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

आवाज मोजणारा डबा आला. हाताएवढा, वर लाल आकडे. मॅडमनी तो भिंतीवर लावला. आम्ही चौघे उभे होतो. बाहेरून ट्रॅक्टर गेला, गाणं चालू, आकडा बावन्नपर्यंत चढला. माझा आनंद मावेना. मी म्हणालो, "बघितलं का मॅडम!"

आकडा अठ्ठ्याऐंशी झाला.

मला वाटलं दुसरा ट्रॅक्टर आला. मी म्हणालो, "आला बघा आणखी एक!" नव्वद. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मी वळून विचारलं, "हे यंत्र बिघडलंय का?" नव्वद. मग मी गप्प झालो आणि आकडा खाली खाली गेला, पस्तिसाला जाऊन थांबला.

शंभुकाका छताकडे बघत होते. महेश्वरी जमिनीकडे. शारदा मॅडम हळूच म्हणाल्या, "रणधीर, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतक्या आपुलकीनं बोलत होता."

मला सगळं एकदम आठवलं. पाय आपटणारे ससे, कापूस, खडीसाखर, बांगड्या. मी त्या मुलीला बांगड्या काढायला लावल्या! पहिल्या तालमीत मी मुकादमच्या कानाशी वाकून नव्वदच्या आवाजात म्हणत होतो, घाबरायचं नाही. दुसरं कोण घाबरवणार होतं त्याला?

गाडीवर येताना रस्ताभर रडलो. हेल्मेटमध्ये.

११ जानेवारी, शनिवार

आज एक शब्द बोललो नाही. शंभुकाकांच्या कानात कापूस नव्हता.

१३ जानेवारी, सोमवार

घरीही बोलत नाही. सवयच मोडायची. सतरा तारखेला तोंडातून चुकूनही आवाज निघायला नको. काल रविवारी अण्णांनी गिरणीवर बसवलं. गिऱ्हाइकांना हातानं विचारलं. एक बोट ज्वारी, दोन बोटं गहू. अण्णा ओरडले, "तोंडात मिठाची गुळणी धरली का काय?" मी होय म्हणून मान हलवली, विषय संपवायला. मथुराबाई आपला डबा टेकवून माझ्याकडे श्रद्धेनं बघत म्हणाल्या, "मौन धरलंया व्हय लेकरानं? कोन्या म्हाराजाचं हाय?" आणि पाया पडायला वाकल्या. मी मागे सरकलो तो मिरचीच्या पोत्यावर बसलो.

आज रात्री आईनं मीठमोहऱ्या उतरवल्या. अण्णा दारातून बघत होते. ते काही ओरडले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "कुनी काय बोललं का तुला तिथं?" आवाज त्यांचाच, पण मोठा नव्हता. त्यांना हळू बोलता येतं हे मला आज कळलं. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केंद्रात मॅडमनी सगळ्यांना तिळगूळ दिला. महेश्वरी माझ्यापुढे आली, लाडू हातावर ठेवला, "तिळगूळ घे," म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळलं. तिचे कान लाल झाले. मी मान हलवली. दोघंही लाडू हातात धरून उभे होतो. मग तिनं हात पुढे केला. बांगड्या नव्या होत्या, काचेच्या, हिरव्या. तिनं त्या माझ्यासमोर मुद्दाम वाजवल्या आणि गेली. मला त्याचा अर्थ लागला नाही. बहुधा राग अजून आहे.

१५ जानेवारी, बुधवार

काहीतरी चुकतं आहे. मी तोंड उघडत नाही, पायांत कापडी मोजे घालून चालतो, श्वाससुद्धा नाकानं हळू घेतो. सकाळी मुकादमला शिंक आली तेवढाच काय तो खोलीतला आवाज. तरी रेघा पुन्हा चढायला लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात सरळ होत्या! सशांचे कान सारखे उभे. मी आत शिरलो की बाराही डोकी माझ्याकडे वळतात आणि तशीच राहतात. मुकादमनं कोथिंबीर घेतली नाही. कदाचित आता खरंच आजारी पडले.

महेश्वरी म्हणाली, "तू बोलत का नाहीस? इथं करमत नाही." मी वहीच्या कागदावर लिहून दाखवलं, 'ससे.' ती म्हणाली, "मी सशांबद्दल बोलत नव्हते." मग कशाबद्दल, ते न सांगताच गेली. माझ्या डोक्यात परवाची तालीम आहे, मला कोडी सोडवायला वेळ नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी बाराही जणांना पेटीत बसवलं, तारा लावल्या. मी भिंतीला पाठ लावून उभा. पट्टीच्या आत दातांत जीभ धरलेली. पाणी टोचण्याआधी उष्णता स्थिर झाली पाहिजे, तरच पुढे जाता येतं. ती स्थिर होईना. रेघा चढत होत्या. सशांची नाकं फडफडत होती. ग्रामसेवक पेटीत अंग पिळत होता. मुकादम माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे, आणि मला त्याला काहीच सांगता येत नव्हतं. मनात सारखं येत होतं की याला मारणार. मीच मारणार. आधी ओरडून आणि आता मुका राहून.

मॅडम पडद्यासमोर बसल्या. मागच्या आठवड्याच्या रेघा काढून त्या आजच्या रेघांशेजारी ठेवल्या. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं.

"रणधीर, मागच्या आठवड्यात तुम्ही यांच्याशी काय बोलत होता?"

मी अगदी खरोखरचं कुजबुजलो. "काही नाही मॅडम."

"तेच बोला."

मला वाटलं मला चिडवताहेत. पण त्या हसत नव्हत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा ते तुमच्या आवाजाला घाबरले. नंतर सरावले. आता त्यांना वाटतंय, तो आवाज कुठं गेला? रान अचानक गप्प झालं की ससा घाबरतो."

"किती आवाजात मॅडम?"

त्यांनी भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं, उठल्या आणि तो बंद केला. शंभुकाकांनी खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत नीट बसवला आणि म्हणाले, "हं, होऊन जाऊ द्या डाक्टर."

आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. सात दिवस दाबून ठेवलेला आवाज कुठं ठेवला तेच सापडेना. घशातून नुसती हवा. मी महेश्वरीकडे बघितलं. ती म्हणाली, "दळण."

"कुणाचं," मी म्हणालो. मग जरा मोठ्यानं, "कुणाचं दळण?"

बाराही कान... चोवीस कान माझ्याकडे वळले.

"ज्वारी का गहू? डबा फुडं घ्या! ओ सरपंच, मधी घुसू नका, नंबर हाय. बारीक का भरडा? भरडा? भरडा का म्हणून, जनावराला घालायचाय का? ग्रामसेवक, हलू नका, पीठ सांडतंय! मथुराबाई, बाजरी कडू झालीया तुमची!"

अण्णांचा आवाज, मिरचीचं जातं, ठसका, पट्टा घसरल्यावरची शिवी, सगळं केलं. थांबायचं नाही असं मॅडमनी हातानं सांगितलं, म्हणून येळवशीची हाळीसुद्धा दिली. खिडकीची काच वाजली. आणि मुकादमचे कान हळूहळू खाली आले. आधी दुमडलेला, मग दुसरा. पडद्यावरची पहिली रेघ वाकली. मग दुसरी. मी रडत होतो आणि दळत होतो.

उष्णता स्थिर झाल्यावर पाणी टोचलं. पुढचे काही तास मी बोलतच होतो. गिरणी संपल्यावर सातवीच्या कविता, जत्रेतल्या सूचना, हरवलेल्या मुलाचं वर्णन. शेवटी मॅडमनी कागद हातात घेतला. अकरा पास.

मुकादम नापास. रेघभर जास्त. त्याला बहुतेक हरवलेल्या मुलाचं वाईट वाटलं.

माझा आवाज पुन्हा गेला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन विद्यार्थ्यांना ससा धरायला शिकवण्यासाठी एक शांत ससा मला हवाच होता. नव्वदचा आवाज सोसलेला ससा विद्यार्थ्यांना काय घाबरणार? हा मास्तर होईल."

मी मॅडमच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "हळू." मग स्वतःच हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचं हसणं ऐकू आलं.

१८ जानेवारी, शनिवार

शेवटचा दिवस. आता मी गेल्यावर सशांचं काय, हा प्रश्न निघाला. मॅडमनी उपाय काढला. माझा आवाज रेकॉर्ड करून घेतला, पूर्ण दळण, ते रोज सकाळी खोलीत लावणार. थोडा थोडा कमी करत नेणार, म्हणजे सशांची सवय सुटेल. शंभुकाका म्हणाले, "कमी कराया पाच-सा म्हयने तर लागतील."

निघताना सगळ्यांचा निरोप घेतला. मुकादमला कोथिंबीर दिली, डोळे मिटले त्यानं. महेश्वरी फाटकापर्यंत आली. मला तिला बांगड्यांबद्दल माफी मागायची होती. मागितली. रस्त्यापलीकडच्या उसातून कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आता सगळ्यांना कळलं. केली माफ."

घरी अण्णांना सांगितलं की माझा आवाज केंद्रानं ठेवून घेतला. ते गिरणी बंद करून नीट ऐकत होते. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "म्हंजी आता सशाला माजं बोलणं ऐकावं लागतंय रोज?" आणि गल्लीभर सांगत सुटले की त्यांचं बोलणं सरकारी पातळीवर गेलं. केंद्र सरकारी नाही, पण मी काही बोललो नाही. मौनाची थोडी सवय लागली आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला लाऊडस्पीकर नव्हता, मी होतो.

दुपारी महेश्वरीचा फोन आला. अकराही ससे चांगले आहेत. सकाळी रेकॉर्डिंग लावलं की कानसुद्धा हलवत नाहीत, खात राहतात. याचं मला थोडं वाईट वाटलं, पण ते बरोबरच आहे. मुकादमनं पहिल्या तुकडीला शिकवलं, एका मुलाला ओरखडलं. महेश्वरीचं प्रशिक्षण मार्चअखेर संपतं. मग ती काय करणार विचारलं तर म्हणाली, "बघू. ढोकीत सशांचा दवाखाना चालेल का?" मी तिला स्पष्ट सांगितलं की ढोकीत ससा पाळतंय कोण.

मग ती म्हणाली की ते रेकॉर्डिंग ती दुपारी जेवणाच्या सुट्टीतही लावते. आवाज कमी न करता. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हे काही मला पटलं नाही. त्या वेळी सशांना पेटीत बसवलेलं नसतं, त्यांना काहीच काम नसतं. उगाच यंत्रावर ताण. उद्या फोन करून नीट समजावून सांगायला हवं.